बॅटरी पिणारा डबा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इलेक्ट्रॉनिक्सवाला, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे पुष्कळ मिळतील, मी बॅटरीवर बोलतो. पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "बरं, पण वीस मिनिटांत आटप. नंतर फोटो आहे." तेव्हा वीस मिनिटांत आटपतो.

मी इथून दहावी होऊन बाहेर पडलो आणि गेली बरीच वर्षं पुण्यात कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवतो. मशीन बंद पडलं की फोन येतो, जाऊन दुरुस्त करायचं. त्या कामाबद्दल आज काही सांगत नाही. सांगायचंय ते एका डब्याबद्दल. तो मी आपल्याच वर्गातल्या एका मित्रासाठी बनवला. तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय. "माझं नाव घेतलंस तर उठून जाईन," असा त्यानं काल रात्री दम दिलाय, म्हणून मी त्याला नुसतं नाखवा म्हणतो. नाही तरी हर्णै बंदरावर त्याला सगळे तेच म्हणतात.

नाखव्याची बोट तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. एक डिझेल इंजिन, एक १२ व्होल्टची ट्रकची बॅटरी, पाच माणसं. संध्याकाळी पंधरा-वीस सागरी मैल बाहेर जायचं, जाळं सोडायचं, इंजिन बंद करायचं आणि रात्रभर जाळ्याबरोबर वाहत राहायचं. पहाटे जाळं ओढायचं आणि परत. पूर्वी या धंद्यात भीती वाऱ्याची होती. आता त्यात मोठ्या जहाजांची भर पडली आहे. मुंबईच्या आणि न्हावाशेव्याच्या बंदरांकडे जाणारी-येणारी मालवाहू जहाजं आपल्या किनाऱ्यासमोरून रात्रंदिवस जातात. दोनशे-तीनशे मीटर लांबीचं जहाज, त्याच्या पुलावर बसलेल्या माणसाला आपल्या दहा मीटरच्या बोटीचा दिवा लाटांत दिसेलच असं नाही. आणि दिसला तरी ते जहाज रिक्षासारखं वळत नाही.

मात्र त्या जहाजांवर एक यंत्र असतं, त्याला एआयएस म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना ते लावावंच लागतं. जहाज चालत असलं की दर २ ते १० सेकंदांनी ते यंत्र रेडिओवरून सांगत राहतं की मी अमुक, इथे आहे, या दिशेला, या वेगानं चाललोय. ऐकायला पैसे पडत नाहीत. १६२ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा साधा रिसीव्हर आणि एक अँटेना पुरते.

मला वाटलं, हे तर आपल्या हातचं आहे. एक रास्पबेरी पाय घ्यायचा. पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर तो, २०१२ साली इंग्लंडमध्ये शाळेतल्या मुलांसाठी निघाला. त्याला एआयएस रिसीव्हर, जीपीएस आणि दहा इंची पडदा जोडायचा. ओपन सीपीएन नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घालायचं. नाखव्याला पडद्यावर आपली बोट आणि भोवतीची सगळी जहाजं दिसतील. मी दिवाळीच्या सुट्टीत ते बसवून दिलं, फोटो काढले, आपल्या ग्रुपवर टाकले, तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवलेत.

पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी नऊ वाजता नाखव्याचा फोन आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुझा डबा बॅटरी पिऊन गेला रे."

झालं होतं ते असं. पहाटे साडेचारच्या सुमाराला एक जहाज उत्तरेकडून सरळ अंगावर येताना दिसलं. आधी पडद्यावर दिसलं. म्हणजे डब्यानं त्याचं काम केलं. जाळं सोडून बाजूला व्हावं म्हणून नाखव्यानं किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता टक टक करून थांबला. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा दिवे मंदावले आणि माझा पडदा काळा झाला. मग पाच माणसं आपापल्या टॉर्च घेऊन उभी राहिली आणि हात हलवत राहिली. जहाज अर्ध्या मैलावरून निघून गेलं. त्यांनी टॉर्च पाहिल्या की त्यांचा रस्ताच तो होता, हे कुणालाच कळलं नाही. सकाळी दुसऱ्या बोटीनं दोर टाकून ओढत आणलं. नाखवा चिडला नव्हता. त्याचंच मला जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "आधी जहाज दिसत नव्हतं पण इंजिन चालू होत होतं."

मी त्या शनिवारी ताम्हिणी घाटातून गाडी हाणत आलो आणि बोटीवर जाऊन बसलो, वही घेऊन.

इथे सर बसलेत म्हणून सांगतो. आठवीत सरांनी आम्हाला विजेचं बिल आणायला सांगितलं होतं. प्रत्येकानं घरचं बिल आणायचं, आणि घरातल्या प्रत्येक दिव्यावर काय लिहिलंय ते पाहून, तो किती तास जळतो ते विचारून, बिलातली युनिटं जुळवून दाखवायची. माझी जुळेनात. सर म्हणाले, "मग घरात असं काहीतरी आहे जे तू मोजलं नाहीस." ते निघालं देवघरातला रात्रंदिवस जळणारा झिरोचा बल्ब. झिरो म्हणून मी शून्य धरला होता, तो १५ वॅटचा होता. सर, चाळीस वर्षं मी लोकांचे कारखाने त्या एका वाक्यावर दुरुस्त करतोय.

तर नाखव्याच्या बोटीचं बिल मी मांडलं. मासेमारीच्या बोटीनं रात्री लाल आणि त्याखाली पांढरा दिवा दाखवायचा असतो. ते दोन बल्ब आणि केबिनमधला एक, प्रत्येकी १० वॅट. ११ तासांचे ३३० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला साधारण २७ अँपिअर-तास. वायरलेस सेटचे चारएक. माझ्या डब्याच्या वायरीत मीटर घातला तर आकडा आला १९.३ वॅट. अकरा तासांचे २१२ वॅट-तास, जवळजवळ १८ अँपिअर-तास. एकूण ४९. बॅटरीवर १०० लिहिलेलं होतं, पण ती तीन पावसाळे पाहिलेली बॅटरी. तिच्यात खरे साठ-पासष्ट उरले असावेत.

स्टार्टरची गंमत अशी आहे की तो फार वीज खात नाही. दोनशे अँपिअर दहा सेकंद ओढले तरी हिशेब अर्ध्या अँपिअर-तासाच्या आसपास येतो. पण त्याला ती सगळी एकदम लागते. अर्धी-अधिक रिकामी झालेली जुनी बॅटरी दिवे लावत राहते, कॉम्प्युटर चालवत राहते, आणि स्टार्टरनं एकदम मागितलं की बसते. त्यामुळे आधी कळत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत पडदा उजळ होता.

मी येण्याआधी बोट ३१ वर भागवत होती. माझे १८ वर चढले आणि तोल गेला.

आता कुणी म्हणेल, मोठी बॅटरी घे. नाखव्याचा भाऊ तेच म्हणाला. मी नको म्हटलं. मोठी बॅटरी भरायलाही इंजिन तेवढं जास्त चालवावं लागतं, डिझेल जळतं. आणि पुढे आणखी यंत्रं येणारच आहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. इस्रोच्या तंत्रज्ञानावरचं ते यंत्र १ लाख बोटींवर बसायचं आहे. चांगलीच गोष्ट आहे, उपग्रहामार्फत निरोप दोन्ही बाजूंनी जातात. पण बोटीवर येणारं प्रत्येक यंत्र शेवटी बॅटरीकडेच वीज मागणार. पाहुणे वाढणार असतील तर आधी आपण कमी जेवायला शिकलं पाहिजे.

पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात. रास्पबेरी पायमधल्या नको त्या गोष्टी बंद करत बसलो. ब्लूटूथ बंद, बोर्डावरचे एलईडी बंद, आवाज बंद, प्रोसेसरचा वेग कमी. दोन रात्री गेल्या. वाचले किती? अर्ध्या वॅटच्या आत. प्रोसेसरचा वेग उतरवून तर जवळजवळ काहीच हाती लागलं नाही, कारण काम नसलं की तो स्वतःच हळू होतो. आणि काम असताना हळू केला तर तेच काम जास्त वेळ रेंगाळत करतो. कामवाल्या बाईंना सावकाश भांडी घासायला सांगून पाणी वाचत नाही, नळ तेवढा वेळ चालूच राहतो.

मग सरांचं वाक्य आठवलं. मी मोजत होतो कॉम्प्युटरच्या यूएसबी टोकाला. तिथे ४.५ वॅट दिसत होते. आणि बॅटरीच्या टोकाला पडदा सोडून ११.३! मधले जवळजवळ सात वॅट कुठे गेले?

ते मीच गरम करत होतो. बॅटरी १२.६ व्होल्टची, कॉम्प्युटरला पाहिजेत ५. मधे मी लिनिअर रेग्युलेटर घातला होता, छान मोठ्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर बसवून. हा रेग्युलेटर काय करतो, तर १२.६ मधले ५ पुढे देतो आणि ७.६ ची उष्णता करून टाकतो. शंभर रुपयांतले साठ रुपये दलालीत. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. कारखान्यात असा कुणी केला तर मी त्याला हसलो असतो. पण मी तो मुद्दाम घातला होता, कारण दुसऱ्या जातीचा रेग्युलेटर, ज्याला स्विचिंग म्हणतात, तो वीज फार वेगानं चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतो आणि त्या चालू-बंदचा रेडिओत खरखराट होतो. एआयएस रिसीव्हर हा रेडिओच. मी खरखराट टाळायला गेलो आणि त्याची किंमत मोजायला विसरलो.

स्विचिंगवाला घातला. बॅटरीच्या टोकाला कॉम्प्युटरचे ११.३ चे ५ वॅट झाले. एका अडीचशे रुपयांच्या तुकड्यानं सहा वॅटहून जास्त वाचवले. आणि मला जी भीती होती तेच झालं. बंदरात उभं राहून पूर्वी पंधरा-वीस जहाजं ऐकू यायची ती चार-पाचवर आली. म्हणजे बॅटरी वाचली आणि कान गेले. पुढचा महिना त्यात गेला. रेग्युलेटर पत्र्याच्या डबीत बंद केला, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरी एकमेकींवर पिळल्या, दोन्ही टोकांना फेराइटची कडी घातली, आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे रेग्युलेटर अँटेनाच्या वायरीपासून उचलून बोटीच्या दुसऱ्या बाजूला नेला. जहाजं परत आली. तुमच्यापैकी कुणी असं काही करणार असाल तर स्वस्त रेग्युलेटर लावा आणि लगेच रिसीव्हर तपासा. नुसतं मीटर पाहून खूश होऊ नका.

एक भर घालतो. खाऱ्या हवेत वायरींची टोकं महिन्याभरात हिरवी होतात. तिथे व्होल्टेज पडतं, कॉम्प्युटरला ५ च्या जागी साडेचार मिळतात आणि तो मधेच बंद होऊन परत सुरू होतो. लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात. आधी टोकं घासा, ग्रीस लावा.

पडद्याचं प्रकरण सोपं होतं आणि नव्हतंही. पडदा ८ वॅट खायचा, पण रात्रीच्या अकरा तासांत त्याच्याकडे कुणी पाहायचं किती वेळ? खलाशांना विचारलं. "जेवताना बघतो, नंतर झोपताना, मग मधे उठलो तर." सगळं मिळून अर्धा तास. उरलेले साडेदहा तास तो अंधारात पाच झोपलेल्या माणसांना नकाशा दाखवत होता. शिवाय उजळ पडद्याकडे पाहून बाहेर बघितलं की पाच-दहा मिनिटं अंधारातलं काही दिसत नाही, हा तोटा वेगळाच. म्हणून पडद्याला एक मोठं लाल बटण लावलं. दाबलं की दोन मिनिटं चालू, मग वीजच तोडायची. नुसता झोपवला तर तो एक वॅट घेतच राहतो.

माझ्या मुलीनं सुचवलं होतं की पडदा काढूनच टाका, मोबाइलवर दाखवा. पुण्यातल्या घरात बसून ते फार शहाणपणाचं वाटलं. बोटीवर नाखव्यानं ओल्या हातानं मोबाइलला बोट लावलं, नकाशा एकदा आफ्रिकेला गेला, एकदा शून्यावर आला, आणि त्यानं मोबाइल माझ्या हातात परत दिला. बटणच बरं.

पण पडदा बंद म्हणजे जहाज येताना दिसणार कसं? इथे मला माझी मूळ चूक कळली. मी नाखव्याला बघायला यंत्र दिलं होतं, त्याला हवं होतं ते उठवायला. रात्रभर पडद्याकडे बघत बसणारा माणूस त्या बोटीवर नव्हताच. दोन बोटी आहेत त्या दिशेनं आणि वेगानं चालत राहिल्या तर एकमेकींच्या जास्तीत जास्त जवळ किती येतील आणि किती वेळानं, हे गणित नववीच्या मुलाला करता येईल. ते गणित दर वेळी करायचं, आणि उत्तर एक मैलाच्या आत आणि वीस मिनिटांच्या आत आलं तर कर्कश भोंगा वाजवायचा.

आता बघा, हे गणित करायला रास्पबेरी पाय लागतो का? नाही. दारावरच्या बेलला हेडमास्तर बसवण्यासारखं आहे ते. ईएसपी-३२ नावाची एक चिप आहे, साध्या बोर्डावर चार-पाचशे रुपयांत मिळते. वाय-फाय बंद ठेवून ती चालवली तर दशांश वॅट घेते. ती रिसीव्हरचं ऐकते, गणित करते, भोंगा वाजवते. रास्पबेरी पाय पूर्ण बंद, वीज तोडलेली. बटण दाबलं किंवा भोंगा वाजला की ही चिप त्याची वीज जोडते, तो उठतो, नकाशा दाखवतो.

उठायला त्याला ४० सेकंद लागतात. यावर आमची खरी भांडणं झाली. नाखवा म्हणायचा, अंधारात जहाज येतंय आणि मी काळ्या पडद्याकडे ४० सेकंद बघत बसू? त्याचं चूक नव्हतं, तो एकदा ते भोगून बसला होता. मी वहीत मांडून दाखवलं की भोंगा वाजेल तेव्हा हातात वीस मिनिटं असतील, त्यातले ४० सेकंद गेले तर चालतील. तो म्हणाला, "वहीत चालतील." शेवटी तोड निघाली. भोंग्याच्या खोक्यावर मी आठ छोटे एलईडी गोल बसवले, घड्याळासारखे. जहाज ज्या बाजूनं येतंय तो एलईडी लगेच पेटतो. ४० सेकंद त्याला बाहेर कुठे बघायचं ते कळतं. मला विचाराल तर सबंध डब्यात तेवढीच एक गोष्ट चांगली झालीय, आणि ती माझी कल्पना नव्हती, त्याच्या कुरकुरीतून निघाली.

अशी वारंवार वीज तोडली की आणखी एक भानगड होते. रास्पबेरी पायचं सगळं सामान एका मेमरी कार्डावर असतं. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडतं आणि पुढच्या वेळी तो उठतच नाही. माझी दोन कार्डं गेली. आता कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलंय, तो त्यावर काहीच लिहीत नाही, आणि वीज तोडायच्या आधी चिप त्याला सांगते की आता आटप. माझे संयोजक मला सांगतायत तसं.

उरले दोघं, रिसीव्हर आणि जीपीएस. त्यांच्यात मला एक फरक सापडला, तो आवडला म्हणून सांगतो. जीपीएसला झोपवता येतं. वाहणारी बोट तासाला एखाद मैल सरकते, मग दर सेकंदाला स्वतःची जागा विचारायची कशाला? दोन मिनिटांनी विचारली तरी पुरे. मात्र त्याची वीज पूर्ण तोडायची नाही. उपग्रह कुठे आहेत ही माहिती तो उपग्रहांकडूनच घेतो आणि ती एकदा पूर्ण यायला अर्धा मिनिट लागतो. ती माहिती पुढे काही तास उपयोगी पडते. मुंगीच्या घासाएवढी वीज देऊन ती त्याच्या आठवणीत जिवंत ठेवली, तर उठल्यावर दोन-तीन सेकंदांत तो जागा सांगतो. सगळी तोडली तर प्रत्येक वेळी अर्धा मिनिट जागा राहून तो वाचवलेलं परत खातो.

एआयएस रिसीव्हरला मात्र झोपवता येत नाही. कोण कधी बोलेल ते त्याच्या हातात नाही. ऐकणाऱ्याला जागंच राहावं लागतं. सुदैवानं तो दोन दशांश वॅटवर भागवतो.

हे सगळं धरून बॅटरीच्या टोकाला आता आकडा येतो ०.८ वॅट. अकरा तासांचे ८.८ वॅट-तास. अर्धा तास कॉम्प्युटर आणि पडदा मिळून १३ वॅटनं चालले, त्याचे साडेसहा. एकूण १५ च्या आसपास. आधी २१२ होते. अँपिअर-तासांत म्हणायचं तर १८ चे सव्वा-दीड झाले.

इतकं कमी झालं तेव्हा मला ती गोष्ट करता आली जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. डबा इंजिनच्या बॅटरीवरून काढूनच टाकला. घरच्या यूपीएसमध्ये असते तसली ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी त्याला स्वतंत्र दिली. केबिनच्या टपावर १० वॅटचं सौर पॅनेल. कडक उन्हात दिवसाला चाळीसएक वॅट-तास येतात, मीठ साचलं की कमी. पावसाळ्याची काळजी नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते आणि बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारलेली असते. आता डबा कितीही उधळला तरी स्टार्टरच्या ताटातला घास त्याला घेता येत नाही. १८ अँपिअर-तास खाणाऱ्या डब्याला अशी वेगळी चूल मांडून देता आली नसती.

आणि बोटीवरचे ते तीन बल्ब. ते बदलून सागरी एलईडी लावले, ३० वॅटचे ६ झाले. म्हणजे अर्ध्या तासाच्या त्या कामात २४ वॅट वाचले. डब्यावर दीड वर्ष घासून मी साडेअठरा वाचवले होते. हे नाखव्यानंच माझ्या लक्षात आणून दिलं, तेही चार लोकांसमोर.

सर, तुम्ही आम्हाला अपोलो १३ ची गोष्ट सांगितली होती. १९७० साली चंद्राकडे जाताना त्यांची ऑक्सिजनची टाकी फुटली, मग परत पृथ्वीवर उतरायला बॅटरी उरावी म्हणून त्यांनी मुख्य यानाचा कॉम्प्युटरसुद्धा बंद केला आणि थंडीत बसून राहिले. लहानपणी मला वाटायचं, एवढी हुशार माणसं, कॉम्प्युटर का बंद करतात? हर्णैच्या धक्क्यावर वही घेऊन बसलो तेव्हा कळलं.

त्या मार्चनंतर भोंगा सात वेळा वाजला. पाच वेळा जहाज आपोआप बाजूनं गेलं. दोनदा नाखव्यानं किल्ली फिरवून जाळ्यासकट बोट हलवली. दोन्ही वेळा इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. अजून बंदरातल्या दोघांनी डबा मागितलाय. मी त्यांना म्हटलं, आधी तुमच्या बोटीचं बिल मांडू, मग बोलू. एकाची बोट चोवीस व्होल्टची आहे, तिथे सगळा हिशेब नव्यानं करावा लागेल. शाळेच्या विज्ञान मंडळातल्या नववीच्या तीन मुलांनी त्या मोजणीला यायचं कबूल केलंय. त्यांना मीटर मी देणार आहे.

डबा आज मी इथे आणलाय. मागे प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलाय. काल सकाळी आठपासून त्या छोट्या बॅटरीवर चालू आहे, शेजारी मीटर आहे, आकडा स्वतः वाचा. इथून शाळेच्या गच्चीवरच्या अँटेनाला सकाळी अकरा जहाजं ऐकू येत होती. फोटो झाला की जेवणाआधी जाऊन या. लाल बटण दाबलंत तर ४० सेकंद थांबा, पुन्हा पुन्हा दाबू नका. नाखवा तिथे उभा असेल, शंका त्याला विचारा. माझ्यापेक्षा बरं सांगतो.